एवढा मोठा डबा

बापूजी : ...कोपरापर्यंत हात घातला त्यानं कापसाच्या ढिगात. कोपरापर्यंत. अन् मंग तो हात नाकाले लावला.

भागीरथा : अन्?

बापूजी : अन् काय. मायाकडं पाह्यलं.

भागीरथा : मारोती काई बोलला नाई?

बापूजी : बोलला असता तं बरं झालं असतं. व्यापारी मानूस तो, गावोगाव घरं फिरून कापूस घेता घेता त्याचे केस पिकले. ओला कापूस पाह्यला असन, पिवळा पडलेला कवडीचा पाह्यला असन, पन असा काई पाह्यला नसन त्यानं. खिशातून रुमाल काढला, एकेक बोट पुसलं, अन् मले म्हने, "बापूजी, घरी लहान लेकरू हाय का कोनी?"

भागीरथा : मंग तुमी काय सांगतलं?

बापूजी : काय सांगू? म्हनलं, मांजर हाय. तं म्हने, "मंग कापूस मांजरीलेच राहू द्या." अन् चालला गेला. हासू नको वं, अमरची माय. ओसरीत भावसिंग बसला होता, त्याच्यासमोर म्हनला. सांजलोक साऱ्या गावात होईन.

भागीरथा : सांज कायले होते? भावसिंग रमत गमत गेला तरी दुपारलोक होईन.

बापूजी : सूनबाई कोठी हाय? दिपाली, इकडं ये बाई.

दिपाली : आली मामाजी. चहा ठेवून राह्यली होती.

बापूजी : चहा राहू दे. ते तुयं मांजर...

दिपाली : माझं नाही, मामाजी. तुम्हीच आणलं पूनमसिंगच्या तांड्यावरून, थैलीत टाकून. कापसात उंदरं झाले म्हणून.

बापूजी : उंदरासाठी आनलं. मुतासाठी नाई आनलं.

भागीरथा : थैलीत टाकतानी तिले तसं सांगाले पायजे होतं.

बापूजी : सरकी नाव कोनं ठेवलं तिचं? दूध कोन पाजते? ज्यानं खाऊ घातलं त्यानं शिकवाव. तू तं रोज मोबाइलात पाहून राह्यते, शहरातले लोक मांजरीले डब्यात बसाले कसे शिकवतात ते.

दिपाली : शिकवलं ना मी. पहिल्या दिवसापासून मोरीपाशी डबा ठेवला, तेलाचा पिपा आडवा कापून. सरकी जाते त्याच्यात.

बापूजी : ती डब्यात जाते तं मंग कापसावर कोन जाते? मी?

भागीरथा : तुमी तं दिवाळीपासून त्याच्यावरच बसून आहा.

बापूजी : भाव याव म्हनून बसलो.

भागीरथा : दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळी गेली. भाव काई आला नाई, मांजर आली.

बापूजी : कापसातलं तुले काय समजते?

भागीरथा : मले खाज समजते. जुन्या कापसातले किडे साऱ्या घरात झाले. तुमी खाजवता, मी खाजवतो, सून खाजवते. तुमचा लेक ट्रक घेऊन आला, एक दिवस राह्यला अन् खाजवत खाजवत निंगून गेला. म्हने माय, मले ट्रकातच झोप बरी लागते.

दिपाली : चार दिवस राहतो म्हणाले होते मले. कपडेही चार दिवसांचे आणले होते.

बापूजी : आता अमरचं कायले काढता? गोष्ट मांजरीची चालू हाय.

दिपाली : मामाजी, एक बोलू का? गोष्ट खोलीचीही आहे.

बापूजी : आलीच का खोली?

दिपाली : लग्न होऊन आली त्याच वर्षी तुम्ही म्हणाले होते, कापूस गेला की समोरची खोली तुझी, टाक त्याच्यात तुझी शिलाई मशीन. यवतमाळले जाऊन शिकून आली मी. मशीन माहेरून आणली.

बापूजी : मंग? नाई म्हनलं का मी कवा?

दिपाली : 'नाही' असं कधीच म्हणाले नाही. कापूस गेला तर सोयाबीनचं बियाणं आलं. बियाणं पेरलं तर खत आलं. खत सरलं तर कापूस आला. मशीन माझी चुलीपाशीच आहे. मागच्या महिन्यात शाळेतल्या विमलताईंचं ब्लाउज शिवलं, त्या परत घेऊन आल्या. म्हणाल्या, माप अगदी बरोबर आहे गं, पण लसणाच्या फोडणीचा वास येते याले. वर्गात पोरं विचारतात, बाई, आज भाजी कायची?

भागीरथा : वास तं साऱ्याच घराले येऊन राह्यला. तिच्या ब्लाउजाले फोडनीचा, यायच्या कापसाले मांजरीचा.

बापूजी : तू मधात बोलू नको. हे पाह्य दिपाली, समोरच्या खोलीत दुकान म्हंजे ओसरीतून दिवसभर बायायचं येनं-जानं. मंग मी कोठी बसू? माये चार मानसं येतात, ते कोठी बसतीन? लोक म्हनतीन, बापूजी सुनेच्या दुकानाचा चौकीदार झाला.

भागीरथा : चौकीदार तं आताही आहा. मांजर आत जातानी दिसत नाई, एवढंच.

बापूजी : बस झालं. आधी मांजर, मंग बाकीचं. ह्या हातानं मी बैलायच्या चार जोड्या वळनावर आनल्या. एक गोऱ्हा तं असा होता का मानसाले शिंगावर घेये. तो मायासमोर मान खाली घालून जुवाखाली उभा राहे. हे तं वीतभर मांजर. तीन दिवसांत डब्यात बसवून दाखवतो.

भागीरथा : बैलाले तुतारी टोचत होते. मांजरीले काय दाखवसान?

बापूजी : नजर.

दिपाली : मारू नका तिले, मामाजी. मारलं तर लपून करते.

बापूजी : मारतो कायले? तू फक्त सांग, मोबाइलात काय सांगतलं ते.

दिपाली : पोटात अन्न गेलं की लगेच डब्यात नेऊन ठेवायचं. पंजा धरून थोडं उकरून दाखवायचं. अन् केलं की कौतुक करायचं.

बापूजी : कायचं कौतुक? हागल्याचं?

दिपाली : हो.

भागीरथा : करा हो. या घरात कोनाचं तं कौतुक होऊ द्या.

बापूजी : ठीक हाय. पन तो मोरीपाशचा डबा नाई पायजे मले. तथी मांजर नजरेत राहात नाई. दुसरा पिपा कापतो अन् ओसरीत मायासमोर ठेवतो. पिंटूच्या घराचं बांधकाम चालू हाय, त्याची रेती आपल्या मांगच्या दारापाशी पडली हाय. घमेलंभर आनतो त्याच्यातली. मांजरीले काय पायजे ते मायाकडून शिका.

(तीन दिवसांनंतर. तीच ओसरी, सकाळ.)

भागीरथा : काय म्हनते नजर?

बापूजी : हळू बोल. बसून राह्यली.

भागीरथा : डब्यात?

बापूजी : डब्याच्या बाजूले.

भागीरथा : म्हंजे तुमी डब्याच्या इकडून तिच्याकडं पाहून राह्यले, अन् ती तिकडून तुमच्याकडं. काल गल्लीतल्या बाया विचारत होत्या, बापूजी तीन दिवसांपासून पिप्यापुढं उकिडवे कायले बसतात म्हनून.

बापूजी : तू काय सांगतलं?

भागीरथा : म्हनलं, जप करतात.

बापूजी : साऱ्या गोष्टी केल्या. खाऊ घातलं, उचलून डब्यात ठेवली, पंजा धरून उकरून दाखवलं. तं मायाकडं अशी पाहे जशी मीच चुकून राह्यलो. मंग मी सोता उकरून दाखवलं. दोन्ही हातानं.

भागीरथा : पाह्यलं मी. भावसिंगनंही पाह्यलं. तो फाटकातूनच परत गेला.

बापूजी : कौतुकही केलं.

दिपाली : ते झाल्यावर करायचं असते, मामाजी.

बापूजी : मी आधीच करून ठेवलं. म्हनलं, तिले हुरूप येईन. शाहनी हायेस, चांगल्या घरची हायेस, असं गंज वेळा म्हनलं. तं उठली, आंग तानलं, अन् खिडकीच्या गजातून गेली आत. मी गजाले नाक लावून पाहून राह्यलो. कापसावर जागा पाह्यली, उकरलं, बसली, झाल्यावर वरून कापूस लोटला, नीट झाकलं. वास घेऊन पाह्यला, अजून थोडा लोटला. सारं बरोबर केलं तिनं. एवढं नीट तं मी मानूस करतानी नाई पाह्यला.

भागीरथा : म्हंजे शिकलेली हाय.

बापूजी : हेच मी तीन दिवस इचार करून राह्यलो. ज्या जनावराले वळन नाई ते कोठीही करते. हे कोठीही करत नाई. देवापाशी नाई, चुलीपाशी नाई, मी रेती ठेवली तथी नाई. तिले कापूसच पायजे. बैलाले एकदा डाव्या बाजूनं जुपाची सवय लावली का तो उजव्या बाजूनं पाऊल टाकत नाई. हिलेही कोनंतरी सवय लावली. दिपाली, तो तुया पहिला डबा कोठी हाय?

दिपाली : मोरीपाशीच आहे.

बापूजी : आन.

दिपाली : घाण आहे मामाजी, मी टाकून देते ना...

बापूजी : आन म्हनलं. हं. ठेव इथी, उजेडात. हे काय होय?

दिपाली : कापूस.

बापूजी : डब्यात कापूस.

दिपाली : मऊ राहते म्हणून. तांड्यावरून आली तेव्हा एवढीशी होती. मले वाटलं, रेती टोचन तिच्या पायाले.

बापूजी : म्हंजे पहिल्या दिवसापासून तू तिले कापसावर बसाले शिकवलं.

दिपाली : घरात दुसरं काय आहे, मामाजी? पाहावं तिकडं कापूसच आहे. पोळीत निंगते, डोक्याच्या तेलात निंगते.

भागीरथा : चुकलं काय तिचं? मांजरीनं मोरीपाशी डबा पाह्यला, कापसाचा. खिडकीतून आत गेली तं तथी दुसरा डबा, आढ्यालोक भरलेला. तिले वाटलं, म्हाताऱ्यानं आपल्यासाठी केला. साऱ्या दिग्रस तालुक्यात एवढा मोठा डबा कोन्या मांजरीले नसन.

बापूजी : तू चूप राह्य.

भागीरथा : राह्यली.

बापूजी : आता हिले पुन्हा रेतीवर आनाचं म्हंजे किती दिवस?

दिपाली : महिना दोन महिने लागतात म्हणे. अन् समोर कापूस दिसून राह्यला तोपर्यंत तर नाहीच.

बापूजी : तवालोक ती रोज कापसावर...

भागीरथा : रोज तीनदा म्हना. दूध चांगलं पिते.

बापूजी : खिडकीले पाटी ठोकतो.

भागीरथा : ठोका. मंग आत उंदरं नाचतीन. हवा बंद झाली का कापूस तापन तो वेगळा.

बापूजी : मंग तांड्यावर वापस नेऊन देतो मांजर.

भागीरथा : द्या. पूनमसिंगले काय सांगसान? बैलायच्या चार जोड्या झाल्या, मांजर नाई जमली म्हनून?

बापूजी : मायी चप्पल कोठी हाय?

भागीरथा : पायात हाय. कोठी चालले?

बापूजी : पारावर. घरात फोन लागत नाई. मारोतीले म्हनतो, वरचा थर मी सोता काढून फेकतो, खालचा माल चांगला हाय, पाह्य पुन्हा हात घालून. गाडी घेऊन ये म्हनतो. भाव जो देईन तो घेतो. पन दिपाली...

दिपाली : जी.

बापूजी : शिकलेली पोरगी तू. एवढं समजाले पायजे होतं.

दिपाली : चुकलं, मामाजी.

भागीरथा : गेले का?

दिपाली : गेले. कोपऱ्यावर भावसिंगनं थांबवलं त्यायले.

भागीरथा : थांबवू दे. तू बस इथी मायापाशी. पिंटूची रेती मांगच्या दारापाशी कवापासून पडली हाय?

दिपाली : दिवाळीपासून असन.

भागीरथा : अन् मांजर कवा आली?

दिपाली : शिवरात्रीच्या आधी.

भागीरथा : तुया मामाजीच्या डोयात मोतीबिंदू हाय. तरी यायले रेती एका दिवसात दिसली. तुले दोन महिने दिसली नाई?

दिपाली : आई...

भागीरथा : रागावून नाई राह्यली मी. इचारून राह्यली. रोज सकायी चूल पेटवतानी तू पदराखालून मूठभर कापूस काढते अन् जाळते. मी म्हनलं, इस्तो धरत नसन, म्हनून घेत असन.

दिपाली : वरचा भिजलेला काढत होती. रोज काढला. खाली जाऊ दिलं नाही, आई. मीही वेचला आहे तो कापूस, बोंडाच्या कुसांनी बोटं फाटलीत माझी. मले त्याची नासाडी नव्हती करायची.

भागीरथा : रोज काढत होती. मंग मारोती आला त्या दिवशी काहून नाई काढला?

दिपाली : मारोतीभाऊ येणार आहेत हे माहीत होतं, म्हणूनच नाही काढला.

भागीरथा : हं.

दिपाली : मी काय करू मग? दोन वर्षं झाली. मागून पाहिलं, भांडून पाहिलं. नवऱ्याले सांगितलं तर ते म्हणतात, बाबाले मी काय म्हणू. एक दिवस रुसून जेवली नाही तर ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही, उरलेली भाकर सांजी गाईले घातली तुम्ही. माझं दोन वर्षांत ऐकलं नाही, मांजरीचं तीन दिवसांत ऐकलं. लाज वाटते आई मले. पण खोलीत जाऊन उभी राहिली की असं वाटते, इथं खिडकीत मशीन, इथं आरसा, इथं दोरीवर शिवलेले कपडे. मग रडूच येते.

भागीरथा : पूस डोये. तुयं दोनच वर्षं झाले. रिकामी खोली पाह्यली का यायच्या पोटात दुखते, पहिल्यापासून. अमर झाला तवा मायी बाज त्याच खोलीत होती. बारा दिवसाचं लेकरू मायाजवय, अन् यायनं ज्वारीचे पोते आनून बाजेभोवती रचले. मले म्हने, आडोसा होईन, थंडी नाई लागनार. तेराव्या दिवशी मायी बाज ओसरीत.

दिपाली : अन् तुम्ही काही नाही म्हणाल्या?

भागीरथा : तवा मायापाशी मांजर नोती.

दिपाली : मामाजीले सांगसान का तुम्ही?

भागीरथा : काय सांगू? मले काई मालूमच नाई. तो डबा उचल, ते आले.

बापूजी : झालं. उद्या सकायी मारोतीची गाडी येते.

भागीरथा : आयकलं त्यानं?

बापूजी : आधी पोट धरून हासला. मंग म्हने, वरचा थर काढा अन् मांजर बांधून ठेवा. भावसिंगही दात काढून राह्यला होता. मी त्याले म्हनलं, तुयी मांजर कोठीही करत असन, मायी एका जाग्यावर करते.

दिपाली : मग मामाजी, मशीन मी आजच पुसून ठेवते. उद्या गाडी भरली की खोली झाडते, भिंतीले चुना मारून घेते. विमलताईंले निरोप देते, नवं कापड घेऊन या म्हणून.

बापूजी : घाई कायची एवढी? खोली काई पयून जाते का? मांगं टिनाखाली तूर पडली हाय, त्याचं काय? अवकाळी आला तं सारी भिजन. कापूस गेला का तूर आत टाकू, मोकळीच पसरवू, हवा लागन. जास्त दिवस नाई, भाव थोडा वर चढला का काढतो. मंग खोली तुयीच हाय.

दिपाली : मग मशीन पुसायचं राहू देते, मामाजी.

भागीरथा : बरोबर म्हनून राह्यले ते. तूर आत घेतलीच पायजे.

बापूजी : पाह्य. तुयी सासूही तेच म्हनते.

भागीरथा : दिपाली, त्या डब्यातला कापूस फेकून दे, डबा चांगला धू, अन् त्याच्यात पायलीभर किडकी तूर टाक. सरकीले आजपासूनच सवय होऊ दे.